मंडपातला कीबोर्ड : साऊंड मॉड्यूल आणि इफेक्ट कसे निवडावेत

जालना जिल्ह्यात कीबोर्ड वाजवणाऱ्याचा हंगाम ठरलेला असतो. गणेशोत्सव, अंबडच्या मत्स्योदरी देवीचे नवरात्र, थंडीतले हरिनाम सप्ताह, 14 एप्रिलची आंबेडकर जयंती आणि मग जूनपर्यंत लग्नसराई. एकाच रात्रीत त्याच्याकडून किती वाद्यांची अपेक्षा असते, हे श्रोत्यांच्या ध्यानातही येत नाही. गणेशवंदनेला हार्मोनिअम आणि बासरी, गोंधळाला तुणतुण्याची झाक, लावणीला क्लॅरिनेट, भीमगीताला ट्रंपेट आणि व्हायोलिनचा ताफा. त्यात कुणी ‘सैराट’ची फर्माईश केली, की लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा बसवून ध्वनिमुद्रित केलेले संगीत मंठ्याच्या मंडपात दोन हातांनी उभे करायचे.

हे सगळे आवाज एकाच कीबोर्डात चांगले मिळत नाहीत. म्हणून वाजवणारा हळूहळू भर घालतो : दुसरा कीबोर्ड, एखादे साऊंड मॉड्यूल, एखादे इफेक्टचे यंत्र. आणि इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या क्रमाने खर्च होतात. दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘टोन किती आहेत?’ खरा प्रश्न वेगळा आहे : मी कुठे वाजवतो, काय वाजवतो आणि माझा आवाज लोकांच्या कानापर्यंत कोणत्या वाटेने जातो? याची उत्तरे मिळाली की यंत्राची निवड निम्मी झालेली असते.

मॉड्यूल म्हणजे पट्ट्यांविना कीबोर्ड

कीबोर्डात दोन स्वतंत्र गोष्टी असतात. एक म्हणजे पट्ट्या : कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली हे त्या सांगतात. दुसरी म्हणजे आवाज तयार करणारा भाग. हा दुसरा भाग वेगळ्या पेटीत घातला की त्याला साऊंड मॉड्यूल म्हणतात. पट्ट्या एका कंपनीच्या आणि आवाज दुसऱ्या कंपनीचा, हे शक्य झाले ते मिडीमुळे. जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकेच्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांच्या पुढाकाराने ही सामाईक भाषा ठरली. जानेवारी 1983 मध्ये दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून ते जाहीरपणे वाजवून दाखवले गेले. या कामासाठी दोघांना 2013 मध्ये तांत्रिक ग्रॅमी मिळाले.

मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, फक्त सूचना जातात. ‘पहिल्या चॅनेलवर मधला सा, जोर 90’ अशा धर्तीची ही सूचना असते. चॅनेल 16 आणि जोराचे आकडे 0 ते 127. पाच पिनांच्या वायरीतून सेकंदाला 31,250 बिट जातात. म्हणजे एक स्वर पोहोचवायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. दहा बोटांनी एकदम कॉर्ड दाबला तरी सगळे स्वर दहा मिलिसेकंदांत पोहोचतात, आणि कानाला ते एकत्रच वाजल्यासारखे वाटतात. चाळीस वर्षांनंतरही ही भाषा टिकून आहे. त्यामुळे 1990 च्या दशकातले मॉड्यूल आजच्या कीबोर्डाला जोडता येते.

इलेक्ट्रॉनिक पट्ट्यांशी आपली ओळख मात्र मिडीच्या बरीच आधीची. हेमंतकुमारांचे संगीत असलेल्या 1954 च्या ‘नागिन’मधली बीन खरी बीन नव्हती. ती कल्याणजींनी क्लॅव्हायोलीन या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर वाजवली होती, आणि सोबत रवी यांची हार्मोनिअम होती. 1982 मध्ये मुंबईच्या चरणजित सिंग यांनी रोलँडची ज्युपिटर-8, टीबी-303 आणि टीआर-808 ही तीन यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी काढली. त्या काळी ती फारशी खपली नाही, पण पुढे जगभरच्या नृत्यसंगीताच्या चाहत्यांनी ती शोधून काढली. देशी सुरावट आणि परदेशी यंत्र यांची सांगड घालण्याची आपली सवय अशी जुनी आहे.

वरातीतला बेंजो हाही त्याच घराण्यातला. मूळ जपानी ताइशोगोतो, भारतात आल्यावर तो बुलबुल तरंग झाला आणि पिकअप लावून विजेवर चढला तेव्हा बेंजो पार्टीचा राजा. रवी जाधव यांनी 2016 मध्ये त्याच्यावर हिंदी चित्रपटही काढला. बेंजोवाले आपले वाद्य गिटारच्या प्रोसेसरमधून नेतात, तेव्हा ‘इफेक्ट’ ही काही शहरी चैन राहत नाही. खेड्यातल्या वरातीने ती केव्हाच आपलीशी केली आहे.

आधी गाण्यांची यादी, मग यंत्र

मॉड्यूल घेण्याआधी एक कागद घ्यावा आणि गेल्या हंगामात वाजवलेली गाणी लिहावीत. प्रत्येक गाण्यासमोर हवे ते आवाज लिहावेत. साध्या ऑर्केस्ट्रावाल्याची यादी केली तर बहुतेक वेळा एवढेच आवाज पुन्हा पुन्हा येतात : हार्मोनिअम, बासरी, सनई, क्लॅरिनेट, सतार, संतूर, व्हायोलिनचा ताफा, ट्रंपेट-ट्रोम्बोन, पियानो, ऑर्गन, अॅकॉर्डियन, बेस आणि एखादा मऊ पॅड. म्हणजे डझनभर. यंत्रात आवाज सहाशे असोत की सहा हजार, तुमचे पोट या डझनावर चालते. म्हणून मॉड्यूल ऐकताना पहिली परीक्षा हीच. हे डझनभर आवाज कसे आहेत? बाकीचे हजारो आवाज दुकानदाराच्या बोलण्यात छान वाटतात, कार्यक्रमात कुणी त्यांना हात लावत नाही.

भारतीय आवाजांबाबत आता पूर्वीइतकी अडचण नाही. यामाहाच्या पीएसआर-आय मालिकेत आणि नावाच्या शेवटी ‘आयएन’ असलेल्या कॅसिओच्या मॉडेलांत आपल्याकडची वाद्ये आणि ठेके मुळातच असतात. रोलँडची एक्सपीएस-10 आणि एक्सपीएस-30 ही मॉडेले तर ऑर्केस्ट्रावाल्यांच्या स्टँडवर हमखास दिसतात, कारण त्यांत नवे आवाज भरता येतात. जुन्या मॉड्यूलांत हेच काम कार्डाने व्हायचे. रोलँडच्या 1994 च्या जेव्ही-1080 मध्ये चार जादा बोर्ड बसायचे, आणि अशा बोर्डांपैकी एक आशियाई वाद्यांसाठी काढलेला होता. ‘टोन टाकून देतो’ म्हणणारे हल्ली गावोगाव आहेत. त्यांच्याकडून काही घेण्याआधी आपल्या यंत्रातला मूळ डेटा पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. भरलेला डेटा बिघडला तर मागे येण्याची वाट तरी राहते.

मॉड्यूलची खरी परीक्षा

टोनची संख्या बाजूला ठेवली की पाहण्यासारख्या चार-पाच गोष्टी उरतात.

पहिली, मींड. आकाशवाणीने मार्च 1940 पासून तीसेक वर्षे हार्मोनिअमला दूर ठेवले, त्यामागचा मुख्य आक्षेप हाच होता की पट्टीच्या वाद्यावर एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही. कीबोर्डाने या आक्षेपावर उत्तर शोधले ते बेंडरच्या रूपात. डाव्या हाताचे ते चाक किंवा कांडी नसेल, तर बासरी, सनई, सारंगी यांचे आवाज कितीही महागातले असोत, ते वाजवल्यावर हार्मोनिअमसारखेच ऐकू येतात. बेंडरची मर्यादा बहुतेक यंत्रांत मुळात दोन अर्धस्वर असते. सा वरून प पर्यंत जायचे तर ती सातवर न्यावी लागते. ही मर्यादा वाढवली की एक नवी अडचण उभी राहते. काही स्वस्त कीबोर्ड बेंडरच्या पूर्ण हालचालीचे फक्त 128 टप्पे पाठवतात. मर्यादा दोन अर्धस्वरांची असेल तर एक टप्पा अर्धस्वराच्या साधारण बत्तिसाव्या भागाएवढा पडतो, आणि कानाला तो कळत नाही. तीच मर्यादा बारावर नेली तर टप्पा अर्धस्वराच्या पाचव्या भागाजवळ जातो आणि मींडेच्या जागी जिन्याच्या पायऱ्या ऐकू येतात. मिडीत मुळात 16,384 टप्प्यांची सोय आहे. तुमचा कीबोर्ड ती वापरतो का, हे दुकानात दोन मिनिटांत समजते : मर्यादा बारा करा, सनई लावा आणि चाक अगदी हळू फिरवा.

दुसरी, एकावेळी किती आवाज वाजतात. कागदावर 64 लिहिलेले असते, पण त्याचा अर्थ 64 स्वर नव्हे. स्टीरिओ पियानोचा एक स्वर दोन आवाज खातो. त्याच्या जोडीला स्टीरिओ व्हायोलिनचा लेयर लावला की चार. म्हणजे 64 चे झाले 16 स्वर. त्यात सस्टेन पेडल दाबून तान घेतली की आधीचे स्वर मध्येच तुटू लागतात. लेयर लावून वाजवणाऱ्याने 128 च्या खाली जाऊ नये. एकेकटे आवाज वाजवणाऱ्याला 64 पुरतात.

तिसरी, जोडणी. घरगुती वापराच्या नव्या कीबोर्डांना मागे फक्त यूएसबीचे भोक असते, गोल पाच पिनांचे नसते. जुन्या मॉड्यूलला मात्र गोल पिनच हवी. दोन्ही यंत्रे चांगली असूनही ती एकमेकांशी बोलत नाहीत, आणि हे घरी आणल्यावर कळते. मध्ये यूएसबी होस्टची वेगळी डबी घालावी लागते. साधी यूएसबी-मिडी वायर इथे चालत नाही, कारण तिला दुसऱ्या टोकाला संगणक लागतो. तेव्हा खरेदीला जाताना आपल्या कीबोर्डाच्या पाठीचा फोटो खिशात असावा.

चौथी, एका आवाजावरून दुसऱ्यावर किती झटपट जाता येते. निवेदक पुढच्या गाण्याचे नाव घेतो आणि ढोलकीची थाप पडते, यात दहा सेकंदही मिळत नाहीत. मॉड्यूलमध्ये गाण्याच्या क्रमाने पॅच साठवता आले पाहिजेत, आणि आवाज बदलताना आधीचा स्वर कचकन तुटू नये. गोंधळाच्या गाण्याचे एक उदाहरण पाहू. डाव्या हाताच्या दोन सप्तकांना पहिल्या चॅनेलवर हार्मोनिअम, उजव्या हाताला दुसऱ्या चॅनेलवर तुणतुण्याजवळ जाणारा तुटक तारेचा आवाज. तिसऱ्या चॅनेलवर सनई ठेवायची, पण तिचा आवाज पेडलवर द्यायचा. पेडल वर असताना ती ऐकूच येत नाही आणि जोगव्याच्या ओळीला पाय दाबला की उठते. हे सगळे एका नावाने साठवले की कार्यक्रमात फक्त एक बटण. गायकाने ऐनवेळी काळी एकऐवजी पांढरी चार मागितली, तर ट्रान्सपोज कीबोर्डावर बदलायचे की मॉड्यूलवर, हेही आधीच ठरवून ठेवावे. दोन्हीकडे बदलले तर सूर दुप्पट सरकतो.

पाचवी, सगळ्या आवाजांची पातळी. कारखान्यातून आलेल्या पॅचमध्ये ब्रास कान फाडतो आणि बासरी ऐकूही येत नाही. घरी बसून प्रत्येक आवाज एका पातळीला आणून साठवणे हे कंटाळवाणे काम आहे, पण साऊंडवाल्याशी होणारी निम्मी भांडणे त्यानेच मिटतात.

जुने घ्यावे की लॅपटॉप?

नवी स्वतंत्र मॉड्यूल आता फार निघत नाहीत. रोलँडने 2012 मध्ये आणलेल्या इंटेग्रा-7 मध्ये सहा हजारांवर आवाज आणि एकावेळी 128 आवाज वाजवण्याची क्षमता होती. त्या तोडीची पेटी त्यानंतर क्वचितच दिसली. त्यामुळे जेव्ही-1010, जेव्ही-1080, एक्सव्ही मालिका किंवा यामाहाचे मोटिफ रॅक हे पर्याय वापरलेल्या मालातच शोधावे लागतात. असा माल घेताना तीन तपासण्या टाळू नयेत. पडदा अंधुक झालेला नाही ना? यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावर साठवलेले पॅच टिकतात का? टिकत नसतील तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. ती बदलता येते, पण त्यात जुना डेटा पुसला जातो. तिसरी तपासणी सर्वांत महत्त्वाची : पाठीवर व्होल्टेज किती लिहिले आहे? थेट जपानहून आलेले यंत्र 100 व्होल्टचे असते. आपल्या 230 व्होल्टच्या बोर्डात ते लावले की पहिल्याच दिवशी जळते.

लॅपटॉप किंवा टॅब्लेट हा तिसरा मार्ग. आवाजाचा दर्जा इथे सर्वांत चांगला मिळू शकतो, आणि खर्चही आटोक्यात राहतो. पट्टी दाबणे आणि आवाज येणे यात जो उशीर होतो, तो मात्र सांभाळावा लागतो. ध्वनी सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकरपासून साडेतीन मीटर लांब उभे राहण्यासारखाच. तेवढा चालतो. तीस-चाळीस मिलिसेकंद झाले की ढोलकी आणि कीबोर्ड यांची लय फुटते. त्यासाठी बाहेरचा ऑडिओ इंटरफेस घ्यावा आणि बफर 128 किंवा 256 वर ठेवावा. 44,100 च्या सॅम्पलिंगला 256 चा बफर सुमारे सहा मिलिसेकंदांचा होतो. पण मे महिन्यात परतूरच्या पत्र्याच्या शेडखाली, चाळीस अंशांवर, धुळीत, कार्यक्रम सुरू असताना लॅपटॉप तापून मंदावला तर काय, याचे उत्तर तयार नसेल तर तो एकटा नेऊ नये. लॅपटॉप रेकॉर्डिंगला उत्तम. मंडपात त्याच्या बाजूला स्वतःचा आवाज असलेला एखादा साधा कीबोर्ड हवाच.

इफेक्ट : कमी घालावेत, जागा पाहून घालावेत

इफेक्टच्या यादीत रिव्हर्ब, डिले, कोरस, रोटरी, इक्वलायझर, ओव्हरड्राइव्ह, कॉम्प्रेसर अशी नावे येतात. कीबोर्डवाल्याला यांतल्या सगळ्यांची गरज नसते, आणि मंडपात तर काही घातकच ठरतात.

रिव्हर्ब म्हणजे खोलीचा घुमारा. तो सर्वांना आवडतो, म्हणून सर्वांनाच तो घालावासा वाटतो. मॉड्यूलमध्ये रिव्हर्ब आधीच चालू असतो, वाजवणारा इफेक्टच्या डबीतून आणखी घालतो आणि साऊंडवाला मिक्सरवर ‘इको’ देतो. तिहेरी घुमाऱ्यात बासरीच्या हरकती वाहून जातात. जागा कोणती हे इथे निर्णायक असते. पत्र्याच्या छताच्या, फरशीच्या मंगल कार्यालयात घुमारा जागेचाच इतका असतो की यंत्राचा रिव्हर्ब शून्यावर आणावा. मोकळ्या मैदानात थोडा लागतो, पण तिथेही समोर शाळेची भिंत पस्तीस मीटरवर असेल तर आवाज जाऊन परत यायला 200 मिलिसेकंद लागतात. म्हणजे डिले मैदानानेच दिलेला असतो. सरळ नियम असा : रिव्हर्ब एकाच ठिकाणी घालावा, आणि तो कुठे, हे साऊंडवाल्याशी बोलून ठरवावे.

डिले मात्र नेमका लावला तर फार कामाचा. त्याची वेळ लयीशी जुळली पाहिजे. गणित सोपे आहे : 60,000 ला गाण्याच्या वेगाने भागा. वेग मिनिटाला 120 मात्रा असेल तर एक मात्रा 500 मिलिसेकंदांची. पाऊण मात्रेचा डिले हवा असेल तर 375. पायाने टॅप करून वेग देता येईल असाच डिले घ्यावा, कारण ढोलकीवाला रात्रीच्या उत्तरार्धात लय वाढवतोच, आणि आधी बसवलेला आकडा तेव्हा कामाला येत नाही.

कोरस आणि स्टीरिओचे इतर खेळ यांची गोष्ट वेगळी. घरी हेडफोनवर पियानो डाव्या कानाकडून उजव्याकडे पसरलेला ऐकू येतो, पॅड डोक्याभोवती फिरतो. पण गावातला साऊंड बहुतेक वेळा मोनो असतो. मिक्सरला तुमची एकच वायर जाते आणि सगळ्या स्पीकरांतून तोच आवाज येतो. स्टीरिओ आवाजाचे डावे-उजवे भाग एकत्र मिसळले की काही कंपने एकमेकांना खोडून काढतात, आणि घरचा भरदार पियानो मंडपात पोकळ, डबा वाजवल्यासारखा होतो. म्हणून दोन गोष्टी कराव्यात. एकच वायर द्यायची असेल तेव्हा ती ‘एल/मोनो’ लिहिलेल्या जॅकलाच लावावी. आणि खरेदीच्या वेळी मॉड्यूल असो की इफेक्ट, तो एका स्पीकरवर मोनोमध्ये ऐकल्याशिवाय घेऊ नये. या एका परीक्षेत निम्मे महागडे आवाज नापास होतात.

रोटरी इफेक्ट हा ऑर्गनसाठी. मूळ लेस्ली स्पीकरच्या पेटीत हॉर्न खरोखर गरगर फिरत असे, वेगात असताना मिनिटाला सुमारे चारशे फेऱ्या. संथ आणि वेगवान यांमधली ती हळूहळू वाढणारी गती हाच त्याचा जीव. इफेक्टमध्ये ती झटकन बदलत असेल तर तो रोटरी कामाचा नाही. जुन्या हिंदी गाण्यांची मैफल करणाऱ्याने हा घ्यावा, बाकीच्यांनी सोडून द्यावा. ओव्हरड्राइव्ह बेंजोला शोभतो, कीबोर्डात फार तर क्लॅव्हिनेट किंवा सिंथच्या लीडला.

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयोगी इफेक्ट म्हणजे इक्वलायझर. ढोलकीचा धुमा, बेसगिटार आणि ऑक्टोपॅडचा किक यांची जागा खालच्या कंपनांत असते. तिथेच कीबोर्डचा पॅड आणि डाव्या हाताचे कॉर्ड येऊन बसले की सगळा गोंगाट होतो. व्हायोलिन आणि पॅडचे 100 हर्ट्झच्या खालचे कापून टाका. आवाज बारीक झाला असे घरी वाटेल, पण मंडपात गायक स्पष्ट ऐकू येऊ लागेल.

यंत्र निवडताना आणखी एक बारकावा. गिटारसाठी बनवलेले पेडल गिटारच्या दुबळ्या सिग्नलसाठी असते. कीबोर्डचा सिग्नल त्याच्या कितीतरी पट जोरकस असतो. त्यामुळे स्वस्त गिटार पेडलमध्ये कीबोर्ड फाटतो. ‘लाइन लेव्हल’ घेणारे, स्टीरिओ इनपुट असलेले यंत्र पाहावे. ते परवडत नसेल तर कीबोर्डचा व्हॉल्यूम उतरवून चालवता येते, पण मग खरखर वाढते. मॉड्यूलच्या आतलेच इफेक्ट पुरेसे असतील तर बाहेरच्या डबीवर पैसे घालायचे कारणच उरत नाही, आणि बहुतेक मॉड्यूलांत ते पुरेसे असतात.

वीज, वायर आणि डीआय बॉक्स

कार्यक्रम फसतो तो टोनमुळे क्वचित. बहुतेक वेळा वायरीमुळे आणि विजेमुळे. स्टेजपासून मिक्सर तीस-चाळीस मीटर लांब असतो. कीबोर्डची साधी वायर पाच-सहा मीटरच्या पुढे नेली की ती गुणगुण गोळा करू लागते. यावर उपाय डीआय बॉक्स. तो सिग्नलला तीन पिनांच्या माइकच्या वायरीतून सुरक्षित पाठवतो. शिवाय त्याच्यावरचे ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण दाबले की दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे येणारा 50 हर्ट्झचा ‘हम’ बहुतेक वेळा जातो. हम घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकणारे लोक आहेत. हे कधीही करू नये. पावसाळी स्टेजवर माइक आणि कीबोर्ड यांना एकाच वेळी हात लागला तर जीव जातो.

जनरेटरवर कार्यक्रम असेल तर दाब वर-खाली होतो. कीबोर्ड, मॉड्यूल आणि लॅपटॉप एका लहान यूपीएसवर ठेवावेत, लायटिंग आणि अॅम्प्लिफायर वेगळ्या लाइनवर. अॅडॅप्टरची पिन बसते म्हणून तो चालेल असे समजू नये. बहुतेक इफेक्ट पेडलना 9 व्होल्ट आणि मध्यभागी ऋण लागते. कीबोर्डच्या अॅडॅप्टरचे व्होल्ट वेगळे असतात आणि धन-ऋण पुष्कळदा उलटे. यंत्राच्या पाठीवरचे छोटे चिन्ह वाचून प्रत्येक अॅडॅप्टरवर रंगीत टेप लावावी. पेडलांचीही तीच गत. एका कंपनीचे सस्टेन पेडल दुसऱ्याला लावले की काही वेळा उलटे चालते : दाबले की आवाज तुटतो, सोडले की लांबतो. पेडलवर उलटसुलट करण्याचे बटण असलेलेच घ्यावे.

पैसे कोणत्या क्रमाने खर्चावेत?

हाती एक बरा कीबोर्ड आहे आणि पुढच्या हंगामाआधी थोडी रक्कम जमली आहे, असे धरू. तर क्रम असा असावा. आधी दोन चांगल्या वायरी, डीआय बॉक्स आणि लहान यूपीएस. या तिन्हींनी आहे तोच कीबोर्ड बदलल्यासारखा वाटेल. त्यानंतर सस्टेन आणि व्हॉल्यूमची पेडल. मग मॉड्यूल, तेही डझनभर आवाजांची यादी हातात घेऊन, मोनोमध्ये ऐकून, बेंडर फिरवून आणि मागची भोके पाहून. इफेक्टची वेगळी डबी सगळ्यांत शेवटी, आणि ती टॅप असलेल्या डिलेसाठी किंवा इक्वलायझरसाठी, रिव्हर्बसाठी नव्हे. दुरुस्तीचा विचारही आत्ताच करावा. बिघडलेले यंत्र घेऊन निदान छत्रपती संभाजीनगर, नाहीतर पुणे-मुंबई गाठावी लागणार. म्हणून ज्या यंत्राचे सुटे भाग मिळतात आणि ज्याची माहिती जवळच्या चार वाजवणाऱ्यांना आहे, ते यंत्र कागदावर थोडे कमी असले तरी जास्त भरवशाचे.

खरेदीला जाताना एकटे जाऊ नका. तुमच्या सोबत नेहमी वाजवणारा ढोलकीवाला किंवा गायक घेऊन जा, आणि दुकानदाराला त्याचे डेमो वाजवू न देता तुमचीच तीन गाणी एका स्पीकरवर वाजवून पाहा. ती तीन गाणी उभी राहिली तर यंत्र घ्या, नाहीतर पैसे परत खिशात ठेवा.